बदलीचं गाणं

माझा गळा चांगला आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत भजन सुरू झालं की मोठी माणसं आपला आवाज आवरून माझ्याकडे बघायची, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. पुढं गिरगावातल्या एका बुवांकडे शास्त्रोक्त गाणं शिकायला लागले. त्यांनी माझ्या हजार चुका काढल्या, पण आवाजात खोट काढली नाही. त्यामुळे बाविसाव्या वर्षी एका संगीत नाटक कंपनीनं मला बोलावून घेतलं त्याचं मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते कशासाठी घेतलं त्याचं. नायिकेचं काम करणाऱ्या बाईंना दम्याचा त्रास होता. त्या कधी आल्या नाहीत तर प्रयोग रद्द व्हायला नको, म्हणून मला ठेवलं होतं. तोपर्यंत मी विंगेत बसून राहायचं.

"म्हणजे बदली," बाबा म्हणाले.

बाबांना सगळं एका शब्दात कळलं. ते गिरणीत विणकर होते आणि कायम होण्याआधी त्यांची नऊ वर्षं बदलीत गेली होती. बदलीवाल्यानं रोज पहिल्या पाळीच्या आधी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवसापुरतं काम मिळायचं. तो आला तर आपण घरी. लालबाग-परळला दर दोन घरांआड कुणीतरी बदलीत असायचंच, त्यामुळे आमच्याकडे कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. मला वाटला. मी दोन दिवस घुश्शात होते, कुणाशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी मला समोर बसवलं. घरात आम्ही मालवणीच बोलायचो. "एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या साच्याक हात लावचो नाय. तेनी जसो लावलेलो आसा तसोच चालवचो. तो उद्या येतलो, तेका आपलो साचो होतो तसो गावाक व्हयो."

बदलीवाला येऊन गेला हे कापडावरून ओळखू येता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतः नऊ वर्षं ते पाळलं होतं, आणि त्याचा त्यांना कायम होण्यापेक्षाही जास्त अभिमान होता. मी ते डोक्यात पक्कं बसवून कंपनीत गेले. सगळा घोळ तिथंच झाला, पण तेव्हा मला कुठं ठाऊक.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. त्या नाटकाची नायिका त्या वीस वर्षं करत होत्या. कथा पुराणातली. राजकन्या, तिचा लढाईला निघालेला नवरा, आणि तिला नऊ पदं. दुसऱ्या अंकात ती नवऱ्याला निरोप देते, त्या पदावर अख्खं नाटक उभं होतं. त्यातली एक ओळ पायरीपायरीनं वर चढत जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, आता ही वरच्या पंचमाला जाऊन पोचणार. आणि नेमकं तिथं बाई मान जराशी वळवायच्या आणि सूर अलगद खाली उतरवायच्या. थिएटरभर लोकांच्या तोंडून एकदमच सुस्कारा बाहेर पडायचा. गाण्यात अशा ठिकाणाला जागा म्हणतात. ती बाईंची जागा म्हणून सगळ्या गिरगावात प्रसिद्ध होती. त्या एका जागेसाठी लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा बघायला यायचे आणि पद संपलं की 'वन्स मोअर' ठरलेला. वन्स मोअर मिळाला की नाटक तिथल्या तिथं थांबवून तेच पद पहिल्यापासून परत गायचं, मग मागं नवरा लढाईला जायचा खोळंबलेला असला तरी चालेल.

मी विंगेत एका खोक्यावर बसून बाईंना नुसती पिऊन घेत होते. श्वास कुठं घेतात, पदर कुठं सावरतात, कानातल्या कुडीला बोट कधी लावतात, सगळं. तिसऱ्या पदात कडव्याच्या आधी बाई बारीकसं खाकरायच्या. तेही मी उचललं. हसू नका. ते त्यांच्या गाण्यातच असणार असं मी धरून चालले होते, आणि साच्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. चार महिन्यांत माझी अशी तयारी झाली की घरी भांडी घासताना मी एखादी ओळ गुणगुणले तर शेजारची काकू विचारायची, "कुणाकडे रेडिओ लागलाय गं?"

त्या दिवसांत मुंबई तापलेली होती. चाळीच्या जिन्यात भिंतीवर खडूनं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' लिहिलेलं असायचं, संध्याकाळी माणसं जेवण पुढं ढकलून सभेला जायची. आमच्याच मजल्यावरचे दोघं सत्याग्रहात पकडले गेले होते. अशा तुरुंगात गेलेल्यांच्या घरांसाठी मदत म्हणून कंपनीनं एका रविवारी दुपारचा प्रयोग लावला. आणि त्याच दिवशी सकाळी दादरला मोर्चा अडवला. लाठीमार झाला, रस्ते बंद झाले, ट्रॅम आणि बस जिथल्या तिथं थांबल्या.

मी घरी बसले असते तर कुणी बोललं नसतं. पण बदलीवाल्यानं वेळेआधी दारात हजर पाहिजे. बाबांनी चपला घातल्या, म्हणाले, चल. चिंचपोकळीवरून भायखळा, तिथून ग्रँट रोड, असे आम्ही बापलेक चालत निघालो. जागोजागी पोलीस उभे होते, दोनदा आम्हाला आडगल्ल्यांतून फिरून जावं लागलं. दोन तासांनी गिरगावात पोचलो तेव्हा माझी वहाण तुटलेली होती आणि मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. बाईंनी दादरहून शेजारच्या घरातून फोन केला होता. गाडी मिळत नाही, आणि एवढं अंतर चालायचं त्यांच्या छातीला झेपणारं नव्हतं. इकडे थिएटर भरलेलं. गिरगावचे लोक, त्यांना कुठं ट्रॅम लागते.

मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, "जमेल ना?"

"तुम्ही घंटा द्या," मी म्हणाले. मला जराही भीती वाटली नाही. मी खरंच सांगते, नाही वाटली.

ऑर्गनवाले गृहस्थ जुने, बाईंच्या बरोबरीचे. त्यांनी विचारलं, "पट्टी? तुझी काळी चार ना?" ज्या सुराला सा धरून गायचं ती पट्टी. माझी काळी चार होती, बाईंची काळी दोन. म्हणजे बाई माझ्यापेक्षा बऱ्याच खालून गायच्या.

"बाईंची पट्टी," मी म्हणाले.

"अगं, तुला ती खाली पडेल."

"बाईंचीच."

त्यांनी खांदे उडवले आणि काळी दोन धरली. मी गायले. पदर तिथंच सावरला, कुडीला तिथंच बोट लावलं, तिसऱ्या पदात खाकरले. निरोपाच्या पदात त्या जागेला आले, मान वळवली आणि खाली उतरले. तोच सुस्कारा, तोच वन्स मोअर. पुढच्या रांगेतला एक जण मोठ्यानं म्हणाला, डोळे मिटले तर बाईच. मला स्वर्ग दोन बोटं उरला. प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षकांनी उभं राहून संयुक्त महाराष्ट्राची घोषणा दिली तेव्हा मीही स्टेजवरून हात वर केला, राजकन्येच्या कपड्यांत.

बाबा मागं दरवाजापाशी टोपी हातात धरून उभे होते. त्यांनी त्याआधी एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. परतताना आम्ही भायखळ्यापर्यंत आलो. तिथं बाबा म्हणाले, "कोणाक कळूक सुद्धा नाय गो. बदली आसा ह्या कोणाक कळूक नाय." आणि रस्त्यातच माझ्या पाठीवर हात ठेवला. बाबा असे पाठीवर हात ठेवणाऱ्यांतले नव्हते. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुवांकडे गेले ती ताठ मानेनंच गेले. बुवांचं घर थिएटरपासून तीन गल्ल्यांवर. ते आदल्या दिवशी आले होते हे मला ठाऊक होतं. दर वर्षी ते आपल्या गुरूंच्या पुण्यतिथीला दादरला बैठक करत, आणि यंदा त्यात मला पुढं बसवून पूर्ण राग गायला लावायचं त्यांनी कबूल केलं होतं. तसं माझं ते पहिलंच गाणं होणार होतं. नाटकाची नायिका पण आणि बैठकीची गवई पण, दोन्हीकडे मीच, असे माझे मनातले मांडे चालले होते.

बुवा तंबोरा लावत होते. वर न बघता म्हणाले, "काल कोण गायलं?"

"मी."

"तू? मला तर बाई ऐकू आल्या. त्यांना मी वीस वर्षं ऐकतोय, त्यासाठी मला उन्हातून जायची गरज नव्हती. मी तुला ऐकायला गेलो होतो. तू आलीच नाहीस."

"लोकांनी वन्स मोअर दिला, बुवा."

"बाईंना दिला."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या. मी म्हणाले, मी बदली आहे, बदलीनं दुसऱ्याचं काम दुसऱ्यासारखंच करायचं असतं, माझे बाबा विणकर आहेत, मला तुम्ही शिकवू नका. गुरूला असं कुणी बोलतं का? मी बोलले. बुवांनी शांतपणे खुंटी पिळली. "कापड विणायचं असेल तर तसंच विण," ते म्हणाले. "बैठकीत यंदा तू मागं तंबोऱ्यावर बस. पुढं बसायला मला गाणारी पाहिजे." मी तंबोऱ्याला नमस्कार न करताच जिना उतरले आणि चार दिवस तिकडे फिरकले नाही.

पण गुंता असा झाला की डोकं चालेना. ज्या गोष्टीसाठी बाबांनी पाठीवर हात ठेवला त्याच गोष्टीसाठी बुवांनी कान उपटले. आणि दोघंही आपापल्या कामात पक्के. मला मोठी गाणारी व्हायचं होतं, त्यात तिळमात्र शंका नव्हती. मात्र मी आयुष्यभर चांगली बदलीच राहीन की काय, ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा शिवली. स्टेजवर जी भीती वाटली नव्हती ती घरी पोळ्या लाटताना वाटायला लागली.

मग बाईंचा निरोप आला. दादरला घरी ये.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. दार त्यांनीच उघडलं. स्टेजवर दिसायच्या त्याहून बऱ्याच लहानखुऱ्या. मला वाटलं, झालं, आता खरडपट्टी. पण त्यांनी चहा दिला, तंबोरा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "काय गायलीस ते ऐकव. सगळं."

मी तिसऱ्या पदापासून सुरुवात केली. कडव्याच्या आधी खाकरले आणि बाईंना जे हसू फुटलं, हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी आणायला धावले.

"अगं, ते कशाला घेतलंस?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "ते माझ्या छातीचं दुखणं आहे. तुला काय झालंय?"

मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "गा पुढं." मी निरोपाचं पद घेतलं. ओळ चढवत नेली, मान वळवली, खाली उतरले. बाई आता हसत नव्हत्या.

"इथं खाली का आलीस?"

"तुमची जागा आहे, बाई."

"तुझा पंचम लागत नाही का?"

"लागतो की." त्यात लाजायचं काय होतं? मला तर काळी चारमध्येही लागत होता.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावरून एक प्रभातफेरी उशिरानं परत चालली होती, पोरं घोषणा देऊन देऊन घसे बसलेली. मग त्या म्हणाल्या, "मी पूर्वी वरच जायची. दमा लागला त्या वर्षी एका प्रयोगात तिथं पोचले आणि श्वासच उरला नाही. घाबरून खाली आले. वाटलं, लोक आता हसणार. तर लोक वेडे झाले. म्हणाले, काय जागा काढली. बारा वर्षं झाली. मला वर जाता येत नाही म्हणून मी खाली येते, बाकी त्यात काही नाही."

"हे कुणाला माहीत आहे?"

"ऑर्गनवाल्यांना. आणि आता तुला."

मी तंबोरा खाली ठेवला. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी मनात दुसरंही काहीतरी उसळलं, ते वाईट वाटणं नव्हतं. मी विचारलं, "मग पुढच्या वेळी मी वर जाऊ?"

"त्याचं उत्तर माझ्याकडून घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "जा म्हणाले तरी ते खरं नसेल, आणि नको म्हणाले तरी नसेल. चहा घे, निवला."

त्या दिवसापासून मी ते पद माझ्या पट्टीत घोटायला लागले. बाईंची एकेक गोष्ट काढून टाकली. खाकरणं गेलं, कुडी गेली, पदराचं मी माझं बघितलं. बुवांकडे परत गेले, पायावर डोकं ठेवलं. त्यांनी खर्जाचे खालचे सूर लावायला सांगितले. बैठकीचं नावही काढलं नाही. घरी मी गॅलरीत बसून वरचा पंचम लावायची तेव्हा समोरच्या चाळीतली माणसं खिडकीत यायची. बाबा ऐकत होते. त्यांना गाणं कळत नव्हतं, पण ती ओळ आता दुसरीकडे जाते एवढं त्यांच्या बरोबर लक्षात आलं. एके दिवशी पाळी संपवून आले, डब्याची पिशवी खुंटीला लावली आणि विचारलं. मी बाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं.

बाबा म्हणाले, "तू वर गेलंस तर बाईंका जमणा नाय ह्या सगळ्यांका कळतला."

"कळू दे."

"तेंनी तुका विश्वासान सांगितला."

"बाबा, तो साचो न्हय. गळो आसा. आणि तो माझो आसा."

"गळो तुझो," बाबा म्हणाले, "पण दिवस तेंचो."

मी चिडले, आदळआपट केली, आईनं मधे पडून मला गप्प केलं. चिडले ते बाबा चुकत होते म्हणून नव्हे. त्यांचं बरोबर होतं आणि तरी मला वर जायचं होतं.

महिना-दीड महिन्यानं तो दिवस आला. बाईंचा दमा वाढला, सकाळीच निरोप आला की आज हिला उभी करा. पण दुपारी पाहते तर बाई स्वतः हजर, गळ्याभोवती शाल गुंडाळून विंगेत खुर्ची टाकून बसलेल्या. मॅनेजर म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" बाई म्हणाल्या, "गायला दम लागतो, ऐकायला लागत नाही."

ऑर्गनवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पट्टी?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या शालीची घडी नीट करत होत्या. "काळी चार," मी म्हणाले. ऑर्गनवाल्यांनीही एकदा बाईंकडे पाहिलं, मग "बरं" म्हणून हात वर सरकवले.

पहिला अंक थंड गेला. लोक डोळे मिटून बाईंना ऐकायला बसले होते आणि त्यांना दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. चुळबुळ चालू होती, कुणी खुशाल पान जमवत होतं. पहिल्या चार पदांना टाळ्या पडल्या त्या जेमतेम. मॅनेजर विंगेत माझ्या अंगावर खेकसला, "बाईंसारखं गा ना, गेल्या वेळी गायलीस तसं." तो माणूस खोटं बोलत नव्हता. गेल्या वेळचं काढायला मला एक क्षण पुरला असता. बाई चार हातांवर बसून सगळं ऐकत होत्या.

दुसरा अंक. निरोपाचं पद. ती ओळ चढायला लागली, आणि इतक्या महिन्यांची सवय, त्या ठिकाणी माझी मान आपोआप वळायला लागली. मी ती सरळ केली आणि वर गेले. पंचम लागला. असा लागला की हलवायला मन होईना, म्हणून मी तिथंच थांबले, श्वास पुरेल तेवढं थांबले. तिथं उभं असताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. एवढा आनंद मला लग्नात झाला नाही की पुढं मानसन्मान मिळाले तेव्हा झाला नाही.

पद संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. आणि त्या शांततेत पुढच्या रांगांतून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "अरे, बाई पूर्वी इथंच जायच्या."

आधी एकाला, मग दुसऱ्याला आठवलं. ज्यांना आठवण्यासारखं काही नव्हतं त्यांनाही त्या वाक्याचा अर्थ कळला. मग थिएटर उठलं. वन्स मोअर, वन्स मोअर. मी विंगेकडे पाहिलं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, शालीची टोकं मुठीत घट्ट धरलेली. त्यांनी ते वाक्य ऐकलं होतं.

रिवाजाप्रमाणे पद पहिल्यापासून गायचं होतं. पहिल्यांदा वर गेले ते भरात गेले असं म्हणता आलं असतं. बाबांनाही तसं सांगता आलं असतं. आता तसं नव्हतं. आता मी खाली उतरले असते तर बाईंची जागा त्यांच्याकडे परत गेली असती, लोकांनाही दोन्ही ऐकल्याचा आनंद झाला असता आणि सगळ्यांचंच सगळं राहिलं असतं. ऑर्गनवाल्यांची बोटं पट्ट्यांवर थांबली होती, ते वाट बघत होते. मी सुरू केलं, ओळ चढवली, आणि जाणूनबुजून, बाईंच्या देखत, पुन्हा वर गेले.

बुवा त्या दिवशीही ऐकायला आले होते, पण नाटक संपल्यावर आत आले नाहीत. दारवानाबरोबर निरोप पाठवला की उद्या सात वाजता ये, तंबोऱ्यावर बैठकीत दुसरी कुणी बसेल. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो निरोप ऐकताना माझं अर्धं लक्षही नव्हतं, कारण रंगपटात बाई एकट्या बसून होत्या आणि त्यांनी मला बोलावलं होतं.

मी जाऊन उभी राहिले. चेहऱ्यावरचा रंगसुद्धा उतरवलेला नव्हता.

"वाईट वाटलं मला," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. तो म्हातारा बोलला तेव्हा वाटलं, उठून निघून जावं. आणि वन्स मोअरला तू पुन्हा गेलीस तेव्हा तुझा राग आला. एक मुस्काटात द्यावीशी वाटली."

"मग गेला का नाहीत, बाई?"

"ऐकत होते," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांनी तो सूर तिथं ऐकत होते. कशी जाणार?"

बाहेर पडदे गुंडाळायचा आवाज चालू होता. मग बाईंनी पदरानं चेहरा टिपला आणि म्हणाल्या, "पुढच्या प्रयोगापासून ही भूमिका तू कर. मॅनेजरला मी सांगते."

आमच्यात अशा वेळी काय म्हणायचं हे ठरलेलं असतं. पायाला हात लावायचा, 'नको बाई, ती तुमचीच, मी कोण' असं दोन-तीनदा म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, मग घ्यायचं. मी पायाला हात लावला. पुढचं मात्र तोंडातून निघेना, कारण ते खोटं होतं. मला ती भूमिका हवी होती. पहिल्या दिवशी विंगेतल्या खोक्यावर बसले तेव्हापासून हवी होती.

"हो, बाई," मी म्हणाले.

बाईंनी गळ्याभोवतीची शाल सोडली.

"बरं झालं नको म्हणाली नाहीस," त्या म्हणाल्या. "म्हणाली असतीस तर मी लगेच ठेवून घेतली असती."